लेह ते चंदीगड, एक तास

लेहहून चंदीगडला विमानाने एक तास लागतो. रस्त्याने, लष्करी गाड्यांच्या कॉन्व्हॉयमधून, चार दिवस. नव्वदच्या दशकात मी लेहच्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये मुव्हमेंट हवालदार होतो. सुट्टीवर निघालेल्यांपैकी कोण विमानाने जाईल आणि कोण गाडीने, ती यादी मी करायचो. साहेब फक्त सही करत.

सप्टेंबरातल्या एका सोमवारी सकाळी सहा दहाला लान्स नाईक अशोक निरभवणे माझ्या खिडकीशी आला. विंचूरचा, वय चोवीस.

"दादा, आपण नाशिकचेच. रविवारी बहिणीचं लग्न हाय. गाडीनं गेलो तर पोचायला शनिवार उजाडंल. घरी करणारा मी एकटाच. विमानात बघा ना."

तापामुळे एकाचं नाव त्याच सकाळी कटलं होतं. जागा होती. पण आठवड्यापूर्वी मेसमध्ये कोणीतरी मला ऐकू जाईल असं बोललं होतं, की हवालदार आधी नाशिकवाल्यांची सोय करतो. अशोकच्या मागे रांगेत दहा-बारा जण उभे होते.

"इथे दादा कोणी नाही. लग्नाला पोचतोस ना? मग गाडी नंबर सहा."

"जी, हवालदार."

सात वीसला विमान उडालं. आठला कॉन्व्हॉय सुटला. दुपारी दोन चाळीसला कॉन्व्हॉयकडून फोन आला.

"गाडी नंबर सहा घाटात दरीत गेली."

"किती गेले?"

"दोन. ड्रायव्हर आणि एक सुट्टीवाला."

"नाव?"

त्याने सांगितलं.

मी नाशिकचा, म्हणून शवपेटीसोबत एस्कॉर्टला मलाच पाठवलं. विमानाच्या यादीत अशोकचं नाव मी सगळ्यात वर लिहिलं. चंदीगडला पोचायला एक तास पाच मिनिटं लागली.

विंचूरला दारात मांडव उभा होता. वडील कांदा मार्केटमध्ये हमाल. अंत्यविधी झाल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले.

"इमानाला किती टाइम लागतो, साहेब?"

"एक तास."

"मग त्याला गाडीनं का धाडलं?"

"विमानात जागा नव्हती."

"नव्हती तर तुम्ही तरी काय करणार," ते म्हणाले आणि माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो प्यालो.

रिटायर झाल्यावर गंगापूर रोडला एका बँकेत सिक्युरिटीची नोकरी धरली. दोन हजार सालानंतर, एका रविवारी, मी विंचूरला गेलो. वडील होते. बहीण सुनीता माहेरी आली होती. मी उभ्यानेच सांगितलं, "जागा होती. मी दिली नाही."

"मग कोन गेलं त्या जागंवर?" वडिलांनी विचारलं.

"कोणी नाही. रिकामी गेली."

मग सुनीता बोलली. "माझं लग्न नसतं तर अशोक त्या गाडीत नसता, असं आबा मला इतकी वर्षं ऐकवत आले. मलाबी तेच खरं वाटायचं. तुम्ही तवाच का नाय सांगितलं?"

वडिलांनी मान खाली घालून तिचा हात धरला.

"तुम्ही निघा आता," ती म्हणाली. मी निघालो. पुन्हा त्या घरी गेलो नाही.

लान्स नाईक अशोक निरभवणे. सहा वर्षं नोकरी, शिक्षेचा एकही लाल शेरा नाही. गाडी कलली तेव्हा त्याने शेजारच्या दोघांना मागच्या फळीवरून बाहेर ढकललं, असं त्या दोघांनीच अपघातानंतर लेहला माझ्या खिडकीशी उभं राहून सांगितलं. त्यांना मी विमानाने घरी पाठवलं.