विषयमास्तरांचे छत्तीस फोटो

रस्त्यात गाठ पडली की माणसं तब्येत विचारतात. विषयमास्तर विचारायचे, "खिडकी झाली का तुझी?" खिडकी म्हणजे त्या पंधरवड्याचा विषय. चित्रकलेच्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी महाल भागातल्या आपल्या घरी आम्हा सात-आठ हौशी फोटोवाल्यांना जमवलं होतं. कधी झाड, कधी कमान, कधी पुतळा. रविवारी फोटो सतरंजीवर मांडायचे आणि बोलणी खायची. मी टेलिफोन ऑफिसातली कारकून, त्या सतरंजीवरची एकुलती एक बाई. आपल्याला जरा सांभाळून घेतील, ही माझी आशा पहिल्याच रविवारी संपली.

"पुतळ्याचा फोटो समोरून काहून काढला वं? समोरून तर कावळेबी पाहतेत." मग मी चौकात जाऊन त्याच पुतळ्याची पाठ काढून आणली. मास्तर बराच वेळ बघत बसले. "आता भेटला तो तुले," एवढंच म्हणाले. मी आठवडाभर हवेत होते.

नव्या माणसाला त्यांचा एकच मंत्र असे: "नॉब पाह्य." रोल भरताना फिल्म नीट अडकली नाही, तरी बटण वाजतं, आकडा पुढे जातो आणि आत काहीच उमटत नाही. फिल्म सरकते आहे हे डावीकडचा नॉब फिरला तरच कळतं. आमच्यातला प्रत्येक जण या चुकीपायी एकदा तरी रडला होता.

मग मास्तरांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही फार दिवसांची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. एवढा करारी माणूस, पण माझा हात घट्ट धरून म्हणाला, "एक रोल भरून दे. सारे विषय पुन्हा काढून घेतो. तू फोटो मोठे करून दे, डोळ्याशी धरून पाहीन मी." मला ते बघवेना. घाईघाईने रोल भरला, झाकण लावलं आणि ऑफिसला पळाले.

तीन आठवडे बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा, हात धरून मास्तर हिंडले. अंबाझरीचं पाणी, जरीपटक्याचा बाजार, एसटीने जाऊन कुहीचं धान. "अकरावा फोटो पुतळ्याचा. पाठमोरा, तुझ्या फोटोसारखा," असा क्रमवार हिशोब मला ऐकवत. नॉब त्यांना दिसत नव्हता. रोल मी भरलेला, म्हणून बोट लावूनही पाहिलं नव्हतं.

छत्तीस झाल्यावर त्यांच्यासमोरच बसून मी रोल परत गुंडाळायला घेतला. हाताला ओढच लागेना. दोन वेढ्यांत नॉब मोकळा फिरू लागला.

"इतक्या लवकर झाला?" मास्तरांनी विचारलं.

खोटं बोलायचं फार मनात आलं. "फिल्म अडकलीच नव्हती, मास्तर. मी नॉब पाहिला नाही."

"छत्तीसही गेले?"

"हो."

काकू पदर तोंडाशी धरून आत गेल्या. मास्तर म्हणाले, "दुसरा भर."

मी भरला. या वेळी तीनदा नॉब पाहिला. कॅमेरा घेऊन ते उठले, दोन पावलं चालले आणि थांबले. दुपारचे बारा वाजले होते, घरभर ऊन होतं.

"खिडकी कोणत्या बाजूले हाय वं?"

मी खांदे धरून त्यांना वळवलं. त्यांनी फोटो काढला. पुढच्या फोटोसाठी फिल्म सरकवताना डाव्या हाताचं बोट नॉबवर ठेवून तो फिरतो का, ते चाचपून पाहिलं. मला रागाचा एक शब्दही बोलले नाहीत. त्या दिवशी तरी त्यांनी मला बोलायला हवं होतं.