बिनपट्टीची बाटली

अंबरपेठेत सहा नंबरच्या चौकात नामदेवरावांचं पत्र्याचं गॅरेज होतं. त्यांची माझी ओळख भांडणाने झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच झाल्यात.

एक्याण्णव साल. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायू झाला आणि त्यांची स्कूटर अंगणात धूळ खात पडली. दोन महिने मी बेगम बाजारच्या आमच्या बँकेत बसला लोंबकळत गेले, मग म्हटलं, गेली ती बस खड्ड्यात. छत्तिसाव्या वर्षी मी स्कूटर शिकले. आई दारात उभी राहून म्हणायची, "अलके, लोक काय म्हणतील गं?" मी म्हणायचे, "लोकांना म्हणावं, बंद पडली की ढकलायला या."

चौथ्याच दिवशी ती बंद पडली. ढकलायला कोणी आलं नाही. साडीचा पदर खोचून, घामाघूम होऊन मी ती नामदेवरावांच्या दारात नेऊन उभी केली आणि फर्मावलं, "पटकन बघा. दहाच्या आत पोचायचंय मला."

माणूस ढिम्म. चाळिशी ओलांडलेला, खाकी शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला, आत काडी बुडवून ती दोन बोटांत चोळली.

"गाडीचं मागनं बघू. हिला पाजलं काय, ते सांगा आधी."

नानांच्या कपाटात तेलाचा डबा सापडला होता, त्यातलं मी अंदाजाने ओतलं होतं. "तेल ते तेल. त्यात काय एवढं?"

"असं नक्को, मॅडम. ते कारचं तेल हाय. कारच्या इंजिनात तेल खाली बसून राहतं, तेच तेच फिरतं. हिच्यात ते पेट्रोलसंगं जळून जायला पाहिजे. नाही जळलं तर चिकटतंय. हिला टू-टी तेल लागतं. लिटर पेट्रोलला वीस मिली."

"आणि चुकलं माप, तर काय मरते का लगेच?"

"कमी पडलं तर मरते. इंजिन सुकं पडून जाम होतंय. जास्त झालं तर नाही मरत. धूर करते, प्लग काळा करते, रुसून थांबते. बस."

ऐकलं आणि विसरले. मला बँक गाठायची होती.

पंपावरच्या सुट्या तेलावर नामदेवरावांचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून गिऱ्हाइकांना ते स्वतः तेल भरून द्यायचे. औषधाच्या जुन्या बाटल्या आणून, धुऊन, उन्हात वाळवून, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावायची. त्या पट्टीपर्यंत तेल शंभर मिली, म्हणजे पाच लिटर पेट्रोलला नेमकं. पंपावर आधी बाटली टाकीत रिकामी करायची, वर पाच लिटरची धार सोडायची, की आपोआप मिसळतं. थेंब इकडचा तिकडे झालेला त्यांना खपायचा नाही. माझ्या बाटल्यांना मात्र पट्टी नसायची, त्या गळ्यापर्यंत भरलेल्या असायच्या. मला वाटायचं, बँकवाली म्हणून मान देतायत.

तरीही दर पंधरा दिवसांनी ती बया रुसायचीच. मी ढकलत न्यायचे आणि वरून आवाज चढवायचे, "काय दुरुस्त करता हो तुम्ही?" नामदेवराव पाना उचलायचे. प्लग काढायचे, फडक्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "गरम हाय. थंड होऊ द्या."

मग माझ्यापुढे स्टूल यायचं, समोरच्या इराण्याकडून चहा यायचा. चहाचे पैसे तेच द्यायचे, आणि प्लग घासल्याचे त्यांनी कधी घेतले नाहीत. तो प्लग थंड व्हायला इतका वेळ कसा लागतो, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचंच नव्हतं मला.

त्यांचं मूळ भालकीकडचं. आजोबांची तिकडे शेती, वडील इकडे कारखान्यात लागले, आणि हे शिकले तेलुगू शाळेत. घरात मराठी बोलायचे, पण वाचायचं म्हटलं की अक्षराला अक्षर जोडत बसायचे. बायको वाचून दाखवायची. ती लग्नानंतर तीन वर्षांत गेली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, हातातल्या पान्याकडे बघत. त्यानंतर मी पिशवीत मराठी पेपर ठेवायला लागले. प्लग थंड होईपर्यंत मोठ्याने वाचायचे. अग्रलेख, राशिभविष्य, हाताला येईल ते. एकदा साटोऱ्यांची कृती वाचली, तर शेवटी गंभीरपणे म्हणतात कसे, "वेलदोडे किती म्हणलात?"

गॅरेजशेजारी भामा गजरे विकायची. भारी आगाऊ बाई. एकदा मला म्हणाली, "अलकाताई, हा माणूस समद्या बायांना ताई म्हणतो. तुम्हालाच तेवढं मॅडम का?"

"तू आपले गजरे गुंफ," मी तिला गप्प केलं. घरी पोचेपर्यंत माझे कान तापलेले होते.

पंच्याण्णवला नाना गेले. शहाण्णवला माझी बदली शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीच्या शाखेत झाली आणि आईला घेऊन तिकडेच फ्लॅट बघावा लागला. मी नामदेवरावांना सांगितलं. ते क्लचची तार ओढत होते.

"कधी?"

"एक तारखेला."

पुढे ते काही बोलतील म्हणून मी थांबले. मॅनेजरला तोंडावर सुनावणारी बाई मी, त्या दिवशी नुसती पिशवीतल्या पेपरची घडी घालत राहिले. एक तारखेला सामानाच्या टेम्पोत त्यांनी एक खोकं आणून ठेवलं. चोवीस बाटल्या. "दोन वर्षं पुरतील. आता गाडी थांबणार नाही," म्हणाले, आणि गेले. मला असा संताप आला! पाच वर्षांनी या माणसाला एवढंच सुचावं?

आणि खरंच, गाडी थांबली नाही. एकदाही नाही. पहिल्या किकला सुरू. धूर नाही, खोकला नाही. कुकटपल्लीत तेव्हा रोज काही ना काही नवीन उघडत होतं, मोटारसायकलींचं शोरूम, एसटीडी बूथ, घरोघरी केबल. मी मात्र सिग्नलला उभी राहून इंजिनाचा आवाज ऐकायचे आणि मनात म्हणायचे, मेले, एकदा तरी बंद पड. चांगली चालणारी गाडी घेऊन मेकॅनिककडे कोण जातं? काय तोंड घेऊन जायचं? रविवारची पुरवणी मी घडी करून पिशवीत ठेवायचे आणि सोमवारी रद्दीत टाकायचे. मला त्यांची फार आठवण यायची. चाळिशी उलटलेल्या बाईने हे कुणाला सांगायचं?

खोकं संपत आलं तेव्हा बँकेतली शिल्पा मागे लागली. "मॅडम, विका ना ती. नव्या गाडीत तेलाची टाकीच वेगळी असते, आपोआप मिक्स होतं. कटकट नाही."

कटकट नाही, म्हणे. पण मलाही वाटलं, किती दिवस कवटाळून बसणार? विकायची म्हणून डिकी साफ करायला घेतली, तर तळाशी फडक्यात गुंडाळलेली एक जुनी बाटली निघाली. अंबरपेठेतली, गळ्यापर्यंत भरलेली. वाया कशाला घालवा, म्हणून टाकीत ओतली आणि पाच लिटर भरलं.

आठवड्याभरात गाडी खोकली, धूर ओकली आणि भर रस्त्यात थांबली. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या तेलुगू मेकॅनिकने प्लग काढला आणि हसला. "अम्मा, तेल कौन दिया? डबल है डबल!" त्याने टाकी उपसून प्लग घासून दिला.

घरी आले. खोक्यातली एक रिकामी बाटली घेतली, ती जुनी घेतली, ओट्यावर शेजारी ठेवल्या आणि दोन्हींत पाणी मापून ओतलं. खोक्यातलीला पट्टी होती, पट्टीपर्यंत शंभर. बिनपट्टीच्या बाटलीत गळ्यापर्यंत दोनशे.

तळपायाची आग मस्तकात गेली. लबाड माणूस! पाच वर्षं मला भर चौकातून गाडी ढकलायला लावली! प्लग घासून पैसे उकळायला... आणि तिथेच माझी गाडी अडली. पैसे त्यांनी कधी घेतलेच नव्हते.

जास्त झालं तर नाही मरत. रुसून थांबते.

मी धावत जाऊन ते खोकं उलटं केलं. एकूण एक बाटलीला पट्टी होती. मी जाणार म्हटल्यावर त्यांनी माप बरोबर केलं होतं. आई विचारत राहिली, "अलके, रडतेस का गं?" मी म्हटलं, "तेलाचा वास गेला डोळ्यांत."

रविवारी सकाळी निघाले. सबंध रस्ताभर एकच धाकधूक, गॅरेज असेल ना? दोन वर्षांत जिकडेतिकडे नव्या गाड्या झालेल्या, त्यांना हे तेल मोजून पाजावंच लागत नाही. पण गॅरेज होतं. पुढे एकच स्कूटर उभी, नामदेवरावांना चष्मा लागलेला. भामाने मला आधी पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

मी दोन्ही बाटल्या त्यांच्यासमोर स्टुलावर आपटल्या.

"नामदेवराव, मापात चूक आहे."

त्यांनी वाकून बाटल्या पाहिल्या. मग मान खाली घातली. "हौ, मॅडम. चुकलं माझं. तेवढी वर्षं... माफी करा."

"कुठलं चुकलं?"

त्यांनी बिनपट्टीच्या बाटलीकडे बोट केलं.

"ते नाही!" मी ओरडलेच. अख्ख्या चौकाने ऐकलं असेल. दुसरी बाटली उचलली, तिची पट्टी नखाने ओरबाडून काढली आणि त्यांच्या हातात दिली. "हे चुकलं."

त्यांनी ती पट्टी खिशात ठेवली, स्क्रू ड्रायव्हरशेजारी. मग चष्मा पुसला, पाना घेतला आणि माझ्या गाडीचा प्लग काढला. स्वच्छ होता, बदामी, त्याला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. त्यांनी तो फडक्यावर ठेवला आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"गरम हाय," ते म्हणाले. "थंड होऊ द्या, अलका."

मी पिशवीतून पुरवणी काढली आणि वाचायला लागले.