ब्राउझरला मराठी येते

भिलाईत आमची मराठी घराबाहेर एकाच कामाची. पावर हाउसच्या बाजारात दुकानदारानं भाव सांगितला, की आई बाबांकडे वळून मराठीत म्हणते, "लुटून राहिला हा, चला." मग त्याच्याशी गोड हिंदीत बोलते. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

परवा तिच्या फोनमधल्या ब्राउझरमध्ये बोलून शोधायची नवी सोय आली, मराठीतसुद्धा. मी हौसेनं चालू करून दिली. आई मात्र परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीनं हिंदीत विचारू लागली. मी वैतागलो. "आई, मराठीत विचार ना!"

"साबुदाण्याचे वडे तेलात काहून फुटतात?"

फोननं घडाघडा मराठीत उत्तर दिलं. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. आईचा चेहराच उतरला. "याले मराठी समजते? आधी सांगायचं ना मले!"

संध्याकाळी तिघं चादरी घ्यायला गेलो. दुकानदारानं भाव सांगताच आईनं पर्समधून फोन काढून माझ्या हातात कोंबला. "याले घेऊन बाहेर उभा राय. सांगून देईल त्याले."

मी मुकाट्यानं फोन घेऊन रस्त्यावर उभा राहिलो. आत मराठी सुरू झाली.