सदतीस डुप्लिकेट

गावोगावी फिरणाऱ्या नर्सबाईंसाठी आमच्या टीमनं एक ॲप केलं होतं. गरोदर बायकांच्या घरी जायचं, वजन-रक्तदाब बघायचा आणि तिथंच मोबाईलवर नोंद करायची. ॲपच्या पुढच्या आवृत्तीत, म्हणजे रिलीजमध्ये, कोणती कामं जाणार हे ठरवायची जबाबदारी माझी, आणि ती मी तंजावरच्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून पार पाडायचे.

राहिलेल्या कामांची यादी, म्हणजे आमचा बॅकलॉग, मारुतीच्या शेपटासारखा लांबला होता. रिलीज ठरवायच्या आदल्या दिवशी मी तो साफ करायला घेतला. मला पसारा खपत नाही. पापनाशमकडच्या एका नर्सबाईनं एकच तक्रार सदतीस वेळा पाठवली होती: ‘रेंज गेली, नोंद पुसली.’ पहिली मी यादीत तळाला टाकली होती. नंतरच्या प्रत्येकीवर, न उघडता, ‘डुप्लिकेट’चा शिक्का मारला होता. आता सगळ्या एकदम उडवणार, तेवढ्यात या बाईला दुसरा उद्योग नाही का, असं म्हणत वैतागून एक उघडली.

आत लिहिलं होतं: कालव्यापलीकडचं शेवटचं घर. सातवा महिना. रक्तदाब एकशे पन्नास, शंभर. पाय सुजलेत. परवा परत जाणे.

दुसरी उघडली. तिच्यात वेगळीच बाई, आठवा महिना. तिसरीत आणखी वेगळी.

लगेच त्या नर्सबाईला फोन लावला. सुरुवात तमिळमध्ये केली. पण मधेच मी आईला ‘जरा थांब’ म्हटलेलं ऐकून ती आमच्या तंजावरी मराठीतच बोलू लागली.

“काय करूं अक्का, दुसरं सगळं पुसून जातंय. ती तक्रारीची पेटी मात्र धरून ठेवती, सिग्नल आला की आपणच पाठवती. तिच्यात घातलं तर कुठे तरी राहील म्हणून घातलं.”

मी थक्क झाले. आम्ही सहा इंजिनियर मिळून जे नीट करू शकलो नव्हतो, ते हिनं उन्हात सायकल टेकवून, आमच्याच तक्रारपेटीत करून दाखवलं होतं. त्या दुपारी तिनं सांगत जावं आणि मी भरत जावं, अशा सदतीसही नोंदी आम्ही जागच्या जागी लावल्या. दुसऱ्या दिवशी, रेंज गेली तरी नोंद टिकावी हे तिचं काम मी रिलीजमध्ये सगळ्यात वर ठेवलं आणि कुणालाही वाद घालू दिला नाही.

त्या दुपारी फोन ठेवताना मी विचारलं होतं, “इतके महिने एकदाही रागावून फोन कसा केला नाहीत?”

“कशाला रागावूं? दर वेळी तुमचं उत्तर येत होतं की, ‘मिळाली, धन्यवाद’ म्हणून. कोणी तरी बसून वाचतंय, हे ठाऊक होतं.”

ते उत्तर मशीन आपोआप पाठवत होतं. हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही.