डाव्या गालावरचा ठिपका

याडीचा एक फोटो हवा होता. ऑपरेशनच्या आधी, उघड्या तोंडाचा, एकच. याडी म्हणजे आमच्या तांड्याच्या बोलीत आई. तिच्या डाव्या जबड्यात गाठ निघाली आणि नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, जबड्याचा तेवढा भाग काढावा लागेल, चेहरा बदलेल. घरी येऊन मी सगळे अल्बम उपसले. याडी सगळीकडे होती. माझ्या लग्नात होती, बारशात होती, बा गेले तेव्हाच्या फोटोतही कोपऱ्यात बसलेली होती. पण प्रत्येक ठिकाणी ओढणी हनुवटीपर्यंत. आधार कार्डावर चेहरा आहे म्हणा. पण तो ओल्या कोळशाचा ठसा, त्यावरून मी माझ्या आईला ओळखलं नसतं.

याला कारण मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. सेनगावकडच्या गोरेगावजवळ आमच्या तांड्यात त्यांचं आणि आमचं अंगण एकच. जेठापुढं तोंड उघडं टाकायचं नाही, ही आमची रीत. मोठे बाबा वळणावरच मोठ्यानं खाकरत आणि याडीचा हात आपोआप ओढणीकडे जाई. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिचा चेहरा पाहिला नाही आणि तिच्या हातच्या चहाशिवाय त्यांची सकाळ झाली नाही. गाठही त्याच ओढणीमागं वाढली. मिश्रीनं तोंड आलंय म्हणायची, भाकरी दुधात कुस्करून आडोशाला खायची. मला त्या ओढणीचा राग येतो. अजूनही येतो.

मी म्हणाले, मोबाइलवर काढते, आत्ताच काढते. तर ही तयार होईना. ती आमच्या बोलीत बोलते, मी इथं मराठीत सांगतेय.

"मोबाइलातला फोटो एका घरात राहतो व्हय?" ती म्हणाली. "तांड्याच्या ग्रुपवर गेला, मोठ्या बाबांच्या सुनेनं त्यांच्यापुढं धरला, मंग म्या कोणत्या तोंडानं त्यांना च्या देऊ?"

"मी कुणाला पाठवणार न्हाई, याडी."

"तू न्हाई पाठवणार. त्यो मोबाइल पाठवंल." मग म्हणाली, "असा डबा न्हाई का, फोटो काढला का आतच राहतो?"

म्हणजे कॅमेरा. मला हसू आलं, पण तिचं म्हणणं पटलंही. मोबाइलबद्दल माझी तक्रार वेगळीच होती. माझ्या हनुवटीवरचा तीळ तो डाग समजून पुसून टाकतो. मग याडीच्या हनुवटीवरचं गोंदण कसं ठेवणार? आणि डाव्या गालावरचा तो एकटा ठिपका? लहानपणी मांडीवर पडून मी त्यावर बोट ठेवायची. हिरवा होता तो, आता निळसर झालाय, सुरकुतीत अर्धा बुडालाय. डॉक्टर जिथून कापणार होते, तिथंच तो होता.

तेवढ्यात एका नव्या कॅमेऱ्याची बातमी वाचली. पर्समध्ये मावेल एवढासा, पण आत पिक्सेल कोटींनी. याडी एकदाच बसणार होती, म्हणून मला तोच हवा होता. नांदेडच्या एका दुकानात नाव नोंदवलं आणि मला वेडच लागलं. सेनगावच्या शाळेत शिकवून घरी आले की कपडे न बदलता नमुन्याचे फोटो उघडायची. कुठल्याशा परदेशी म्हाताऱ्याचा चेहरा होता. तो मोठा करत गेलं, तर पापणीचा केस न् केस वेगळा, दाढीचे खुंट वेगळे, बुबुळात खिडकीची चौकट. मी त्या परक्या माणसाच्या गालावर याडीचा ठिपका ठेवून बघायची. दिसेल, नक्की दिसेल. दुसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलेलं वाचायची की अंधाऱ्या खोलीत फोटोत रव्यासारखे दाणे येतात, हात जरा हलला की सगळी बारकाई वाया, आणि पुन्हा तो म्हातारा उघडून बघायची. हे परीक्षणवाले तरी कसले! विटांच्या भिंतीचे फोटो काढून कोपऱ्यातली वीट पुसट आलीय म्हणून भांडतात, कॉफीचे कप काढतात, मांजरं काढतात. म्हाताऱ्या बाईच्या गालावरचं जुनं गोंदण कसं येतं, ते कुणी सांगेना. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशी माझी गत. कॅमेरा अजून कुणी डोळ्यांनी बघितलेला नव्हता आणि मी त्याच्यावर रुसतही होते.

रविवारी तांड्यावर गेले की उजेड शोधायची. घरात अंधार, पत्र्याखाली नुसती झळ. शेवटी लिंबाखालची जागा सापडली. दुपार कलली की समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून तिथं मऊ उजेड येतो. खाटेवर तांब्या ठेवून मी इकडून तिकडून बघायची.

"तांब्याचा फोटो काढून राहिली व्हय?" याडी ओढणीआडून म्हणायची. तेव्हा तिला हसताना दुखायचं, तरी हसायची.

दुकानदाराला मी इतके फोन केले की तो माझा आवाज ओळखू लागला. "मॅडम, माल वरूनच नाही आला. आठवडाभरात पक्का." तो आठवडा गेला, पुढचाही गेला. डॉक्टर म्हणाले, आता थांबता येणार नाही. नांदेडला निघायच्या सकाळी मी पुन्हा मोबाइल पुढं केला. जीप उभी होती, मोठे बाबा तिला निरोप द्यायला अंगणात आले होते. तिनं ओढणी ओढली आणि मान हलवली. ऑपरेशनला नेईपर्यंत मी दवाखान्यात तो ठिपका बघत बसले, लक्षात राहावा म्हणून.

ऑपरेशन बरं झालं, असं सगळे म्हणाले. याडी घरी आली. मोठ्या बाबांनी तिच्यासाठी एक गोष्ट केली. आपली खाट उचलून ते तांड्याच्या दुसऱ्या टोकाला, धाकट्या लेकाकडं राहायला गेले. जाताना मला म्हणाले, "तिला सांग, आता मोकळं बस. म्या न्हाई येत इकडं." अंगणात खाकरणारं कुणी उरलं नाही. तरी ओढणी खाली आली ती वर गेलीच नाही. आता ती माझ्यापुढंही तोंड झाकते. भिंतीकडं तोंड करून पेज पिते. मी रागावले, रडले, पाया पडले.

त्यानंतर कॅमेरा आला. मी खोकंही फोडलं नाही, कपाटात टाकून दिलं. याडीनंच विचारलं, शब्द जड झालेले, "आला का तुजा डबा?"

रविवारी ती आपण होऊन लिंबाखाली, माझ्या त्याच जागेवर जाऊन बसली. "काढ," म्हणाली. मी कॅमेरा धरून थांबले. भिंतीवरचा उजेड जसा हवा होता तसा पडला होता. तिचा हात ओढणी वर करायला जाईल म्हणून वाट पाहिली. तो मांडीवरच राहिला. मी बटण दाबलं.

मागच्या पडद्यावर फोटो मोठा केला. इतके महिने ज्याची वाट पाहिली ते सगळं त्यात होतं. ओढणीचा धागा न् धागा वेगळा. किनारीवरच्या कवड्यांच्या चिरा, तिनं मागं कधी घातलेला रफूचा टाका, एक अडकलेलं लिंबाचं पान. आणि डाव्या बाजूला कापड जरा आत गेलेलं.

"साफ आला का?"

"व्हय याडी. लई साफ."

"मंग ह्यो धाड," ती म्हणाली. "तांड्याच्या ग्रुपवर धाड, मोठ्या बाबांना बी दाखव. ह्यो चालंल कुणालाबी."

मी तो अजून कुणालाच पाठवलेला नाही.