लुगड्याला शिवलेलं दुपटं

पहिलटकरीण असताना मी बाळाचं दुपटं माझ्या नेसत्या लुगड्यालाच शिवून टाकलं होतं. हसा खुशाल, मीही हसते. बाळ यायच्या आधी त्याचं काही करायचं नाही, अपशकुन होतो, असा सासूबाईंचा दंडक. म्हणून दिवाळीच्या तोंडावर गच्चीत वाळत टाकलेल्या गाद्यांच्या आड बसून मी चोरून शिवत होते. त्यांची हाक आली, मी धडपडत उठले आणि दुपटं सुईसकट लोंबत माझ्याबरोबर खाली आलं. काय तो शहाणपणाचा अवतार!

आज गॅलरीतल्या आश्विनाच्या कोवळ्या उन्हात माझी गरोदर नातसून पाय पसरून, माझ्याच जुन्या सुती साडीचं दुपटं शिवतेय. शेजारीण डोकावून म्हणाली, "अहो आजी, आधीच कशाला?"

"मग आल्यावर काय वर्तमानपत्रात गुंडाळू?" मी म्हटलं.

वाट बघताना भीती वाटतेच. पण भ्यालेल्या हातांनाही काहीतरी ऊबदार करावंसं वाटतं, त्यांना का बांधून ठेवायचं? अपशकुनाला यायचं तर खुशाल यावं. मला हल्ली सुईचं नेढं दिसत नाही, त्याला दोरा ओवायला बसवीन.

त्या दिवशी सासूबाई कात्री घेऊन आल्या, तेव्हा वाटलं, संपलं दुपटं. त्यांनी फक्त लुगड्यातले टाके कापले, दुपटं मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "टाके केवढे लांब घातलेस गं! बाळाची बोटं अडकतील. सरक तिकडे. आणि कुणी विचारलंच तर सांग, सासूनं शिवायला बसवलंय."