इनासमामाचं टोकदार दार

इनासमामा गेला, असा माझगावातनं फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "नक्की ना?" म्हातारा सगळ्यांना पारखायचा, ही पण त्याची एखादी परीक्षा असंल... महिना होत आला, अजून वाटतं खांबाआडनं बघतोय. मला लिवता येत नाय. मी बोलतो, पोरगी उतरवून घेते.

लाल विटांचं ते चर्च, दारं-खिडक्या सगळ्या वर टोकदार. मामाचा बाप्तिस्मा तिथलाच. मग माणसं पांगली, प्रार्थना थांबली, गोदाम झालं, कापसाच्या गाठी आल्या. त्या गेल्यावर, छप्पर उंच म्हणून, आमचा गणपतीचा कारखाना आला. मामा वॉचमन म्हणून दारातच. आम्हाला वाटायचं, हा किरिस्ताव मूर्तीकडे टक लावून बघतो, नक्की कुठंतरी तक्रार करणार. त्याला वाटायचं, आम्ही वीट काढणार. रोज सकाळी कमानीवरनं तळवा फिरवायचा, मग आमच्या हाताकडे बघायचा. चहा मात्र एकत्रच.

एकदा मोठ्या मूर्तीसाठी दाराचं माप घ्यायला शेठनं मला पाठवलं. मी सुतळी सोडली ती थेट टोकापासनं. मुकुट बसतोय, मी खूश. दार वर निमुळतं होतं हे डोक्यात आलंच नाय... डोकं पण तसंच, वर निमुळतं. न्यायच्या दिवशी बाप्पाचे वरचे दोन हात कमानीत अडकले. बाहेर ढोलवाले, मंडळाची पोरं तापलेली. शेठ बोलला, चार विटा उडव. मी छिन्नी उचलली पण. मामानं स्टूल आणलं आणि दारात बसला.

"हात काढ तुझ्या गणपतीचे. माझ्या देवाचं घर गेलं, दार तरी ऱ्हाऊ दे."

प्राणप्रतिष्ठा अजून व्हायची होती, तोवर मूर्ती मातीच, म्हणून मी चारी हात काढले, बाहेर नेऊन परत लावले. आशीर्वादाचा हात उलटा बसला, तो पण मामालाच दिसला. "मागच्यांनाच आशीर्वाद काय रे?"

आता कारखाना पण हलला. लग्नाचा हॉल होणार म्हणतात. परवा गेलो तर दोन माणसं दाराला टेप लावत होती. रुंद करणार काय, विचारलं, तर नुसती हसली. असं हसणं मी ओळखतो, माप चुकल्यावर मी पण तसाच हसलेलो. मी कमानीवर तळवा फिरवायला लागलो. नवा वॉचमन माझ्या हाताकडे बघत जवळ आला. "काका, काय शोधताय?"



"काय नाय रे," बोललो. "एक स्टूल दे."